विम्याची हद्द

आमची गाडी आपल्या देशात कुठंही, कुणालाही धडकली तर विमा कंपनी भरपाई द्यायला बांधील आहे. पण हीच गाडी सरहद्द ओलांडून हातभर पुढं गेली आणि तिथल्या एखाद्या खांबाला नुसती टेकली, तर कंपनी आम्हाला साधी ओळखसुद्धा दाखवणार नाही. ही गोष्ट मला माझ्या साडूनं सांगितली. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच चहात बिस्कीट बुडवत. आणि आमच्या गाडीचा विमा उतरवला होता कुणी? त्यानंच! दर वर्षी यायचा, सही घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं सर, आता जगाच्या पाठीवर कुठंही बिनघोर जा."

"मग ती जगाची पाठ आता कुठं गेली?" मी विचारलं.

"सर, ती आपली बोलायची रीत असते," साडू म्हणाला. "कागदावर भौगोलिक मर्यादा वेगळ्या."

भौगोलिक मर्यादा! आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द त्याच्या साडूनं ऐकवावा, आणि तोही ओठाला बिस्किटाचा चुरा लागलेला असताना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बायको समोर होती आणि साडू तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मी आग परत तळपायाकडं पाठवली.

गाडी घेऊन परदेशात मिरवायची हौस मला नव्हती, हे इथंच सांगून ठेवतो. प्रश्न आईचा होता. पलीकडच्या देशात, सरहद्दीपासून जवळच, माझी मावशी राहते. आईची धाकटी बहीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोघी रोज फोनवर बोलायच्या, एकमेकींच्या औषधांची नावं चुकीची सांगायच्या, पण भेटून काही वर्षं झाली होती. एक दिवस मावशी फोनवर म्हणाली, "ताई, आता एकदा ये गं. पुढच्या वेळी कोण कुणाला भेटायला येईल, काय सांगावं!" आईनं फोन ठेवला आणि सरळ बॅग काढली.

आता आईला विमानात बसवायचं म्हणजे तिचे कान दुखतात. बसमध्ये तिला पहिल्या वळणावर उलटी होते. गाडीत मात्र पुढच्या सीटवर, काच खाली करून, मला गाडी कशी चालवायची ते सांगत बसली की तिला काही म्हणजे काही होत नाही. जे होतं ते मला होतं. तेव्हा गाडीनंच जायचं ठरलं.

"होऊन जाईल," साडू उठताना म्हणाला. "फक्त एक वाढीव कागद लागतो. तात्पुरता. तुम्ही कार्यालयात जाऊन या, माझं नाव सांगा."

माझ्या अनुभवानं सांगतो, 'माझं नाव सांगा' म्हणणाऱ्या माणसाचं नाव कुठंच चालत नाही.

'अनुभव' हा शब्द मात्र मी जपून वापरायला हवा, कारण त्यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा हक्क आहे. सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. जगात असं एकही संकट नाही जे त्यांच्यावर आधी येऊन गेलं नाही. मी जिना उतरत होतो, तेवढ्यात त्यांनी मला कठड्यापाशी गाठलं.

"परदेशात गाडी नेताय म्हणे? माझा अनुभव सांगतो. विमाबिमा काही काढू नका. सरहद्दीवर गेलं की नुसतं हसायचं."

"हसायचं?"

"मोकळेपणानं. हसऱ्या माणसाकडं कुणी कागद मागत नाही."

"तुम्ही नेली होती गाडी?"

"मी नाही. माझ्या मेहुण्याचा मित्र गेला होता. त्याला पकडलं. पण तो हसला नव्हता."

मी न हसता खाली उतरलो.

विमा कार्यालयात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांच्या समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आम्ही आपल्या सेवेत.' बाई स्वतः मात्र आपल्या भ्रमणध्वनीच्या सेवेत होत्या. मी खाकरलो. साडूचं नाव सांगितलं. बाईंनी मान वर केली, म्हणाल्या, "ते कोण?" आणि मान खाली घातली. झालं साडूचं नाव.

मी सगळं समजावून सांगितलं. देश, सरहद्द, आई, मावशी, गुडघा. बाईंनी संगणकात पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या." कर्ज तिच्या नोकरीवर मिळालं होतं, म्हणून. यात लाजण्यासारखं काही नाही. तोपर्यंत तरी नव्हतं.

"मग तुम्ही कोण?"

"मी चालवतो."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मागं वळून कुणाला तरी ओरडून सांगितलं, "मालक आले नाहीत हो, ड्रायव्हर आलाय!"

रांगेत माझ्या मागं माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्यानं अत्यंत सभ्यपणे छताकडं पाहिलं. त्या सभ्यपणाचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. बाई तिच्याशी उठून बोलल्या. तिला खुर्ची दिली. एकच खुर्ची होती. मी मागं उभा राहिलो, तिची पर्स धरून. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाढीव विमा देता येईल मॅडम, पण आधी वाहतूक खात्याचा, गाडी तात्पुरती बाहेर न्यायचा परवाना आणा."

वाहतूक खातं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. जिना चढून गेलो. तिथले साहेब म्हणाले, "परवाना मिळेल. आधी परदेशात चालणारा विमा दाखवा."

"तो परवाना पाहिल्याशिवाय मिळत नाही," मी म्हणालो.

"आणि परवाना विमा पाहिल्याशिवाय मिळत नाही," साहेब समाधानानं म्हणाले. दोन्ही बाजू अशा घट्ट जुळलेल्या पाहून त्यांना आनंद झाला असावा.

मी खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. खालचे वरच्यांकडं बोट दाखवत, वरचे खालच्यांकडं. मधला जिना तेवढा माझा. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा मला दम लागला होता आणि रागानं शब्द फुटत नव्हता. नुसतं "तुम्ही... तुम्ही..." एवढंच निघत होतं. साहेबांना वाटलं मी पाणी मागतोय. त्यांनी पाणी दिलं. रागावलेल्या माणसाला पाणी देण्यासारखा दुसरा अपमान नाही, कारण ते प्यावं लागतं.

तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "साहेब, खालच्या बाईंना एक फोन लावता का? म्हणजे तुम्ही दोघं एकाच वेळी द्याल."

साहेबांनी फोन लावला. पाच मिनिटांत दोघांचं ठरलं. मला कुणी विचारलंही नाही. जिना उतरताना मी बायकोला म्हणालो, "हे तुला आधी सुचलं नाही?"

"सुचलं होतं. पण तुम्ही सारखे पळत होता. तुम्हाला थांबवायचं कसं?"

फोनवर ठरलं खरं, पण एक शेपूट राहिलंच. विमा वाढवण्याआधी गाडीची पाहणी व्हायला हवी होती. कंपनीचा तपासनीस घरी आला. बारीक, उंच आणि दुःखी चेहऱ्याचा. तो गाडीभोवती असा फिरला जसा एखादा दूरचा नातेवाईक आजाऱ्याभोवती फिरतो. मागच्या दारापाशी थांबला आणि त्यानं सुस्कारा सोडला.

"खड्डा आहे."

होता. अनुभवींच्या गॅलरीतली कुंडी पडून झालेला. तेव्हा ते वरून ओरडले होते, "घाबरू नका, कुंडीला काही झालं नाही!"

"एवढाच तर आहे," मी म्हणालो.

"आज एवढा आहे. परदेशात जाऊन आल्यावर तुम्ही म्हणाल तिथंच झाला. आधी काढून घ्या."

"म्हणजे मी एक खड्डा दाखवायला परदेशात जातोय?"

"लोक जातात सर," तो दुःखानं म्हणाला.

गाडी गॅरेजमध्ये गेली. मेस्त्रीनं खड्डा काढला. खड्डा काढताना दाराचं हँडल तुटलं. हँडल बसवताना काच आत पडली. काच वर काढायला दार उघडून ठेवलं, तेव्हा बाजूनं जाणारा टेम्पो दार घेऊन गेला. हे मी वाढवून सांगत नाही. मी तिथंच स्टुलावर बसून पाहत होतो. मेस्त्री माझ्याकडं वळून म्हणाला, "काळजी करू नका साहेब. तुमचा विमा आहे ना?"

त्या क्षणी माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत.

नवं दार बसेपर्यंत घरात आईनं माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली. रोज येता-जाता मी तिला अडखळायचो. मावशीचा फोन आला की आई मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. "हो गं, निघतोय. गाडी? गाडी अजून तयार होतेय. नाही, नवी नाही घेतली. जुनीच पुन्हा नव्यानं बनवतोय."

एकदा मात्र फोन ठेवल्यावर ती खिडकीशी नुसती उभी राहिली. मी विचारलं, "काय म्हणाली मावशी?"

"काही नाही. चालायला लागलीय थोडी. म्हणाली, तू येशील तेव्हा दाराशी उभी राहून दाखवीन." मग पडदा सारखा करत म्हणाली, "लहानपणी मीच तिला चालायला शिकवलं रे."

मी उठलो. साडूला फोन केला आणि त्याच्यावर ओरडलो. म्हणजे ओरडणार होतो. त्यानं उचललाच नाही. मग मी त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला फोन लावला आणि तिच्याशी मात्र गोड बोललो, कारण तिनं विचारलं, "भावजी, सगळं ठीक ना?" माणसानं रागावावं तरी कुणावर? ज्याच्यावर रागवायचं तो हाताला लागत नाही, आणि हाताला लागतं त्याच्यावर रागवता येत नाही.

अखेर कार्यालयातून निरोप आला की कागद तयार आहे. मी एकटाच गेलो. बाईंनी लिफाफा हातात ठेवला. मी उघडला, वाचला आणि पुन्हा वाचला. गाडीचा नंबर बरोबर, बायकोचं नाव बरोबर. देशाचं नाव चूक. आम्हाला जायचं होतं पश्चिमेकडं, मावशीच्या देशात. कंपनीनं विमा दिला होता पूर्वेकडच्या देशात फिरायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"विमा," बाई म्हणाल्या.

"हा देश पूर्वेला आहे!"

"शेजारचाच आहे ना?"

"बाई, शेजारचा म्हणून कुठलाही शेजारी चालतो का? तुमची पत्रं शेजारच्या घरी टाकली तर चालतील?"

"सर, आवाज खाली."

एवढे दिवस खालून वर आणि वरून खाली पाठवलेली आग आता जाईल कुठं? समोर काचेचा मोठा दरवाजा होता. काउंटरवर जाड मार्कर पडला होता. मी तो उचलला आणि दारावर आपला देश काढला. इमानदारीनं काढला, किनारा, खाडी, नदीची दोन्ही वळणं. वर उत्तर दिशेचा बाण काढला. शाखेचे मॅनेजर आवाज ऐकून बाहेर आले होते, त्यांना विचारलं, "सूर्य कुठं उगवतो?"

मॅनेजर गडबडले. त्यांनी आधी वातानुकूलन यंत्राकडं पाहिलं, मग म्हणाले, "पूर्वेला."

"मग पश्चिम दाखवा."

त्यांनी दाखवली. चुकीची दाखवली. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला येणार का?" आणि सगळे हसले. वर्गात अशा वेळी मी त्या मुलाला बाहेर उभं केलं असतं. इथं दोन सुरक्षारक्षकांनी मला बाहेर उभं केलं. काचेच्या दारापलीकडून मला माझा नकाशा उलटा दिसत होता, पूर्व पश्चिमेला गेलेली. म्हणजे आतून त्यांचं बरोबर होतं असं बाहेरून दिसत होतं, आणि हा अपमान मी कधीही विसरणार नाही.

संध्याकाळी बायको गेली आणि देशाचं नाव दुरुस्त करून घेऊन आली. "मॅनेजर चांगले आहेत हो," ती म्हणाली. "नकाशा पुसला नाही त्यांनी. पोस्टाला कुठून जायचं ते लोकांना दाखवायला उपयोगी पडतोय म्हणाले."

आम्ही निघालो. आई पुढं, काच खाली, "हळू", "जरा पळव", "तो बघ पुढं गेला" अशा सूचना चालू. माझ्या शर्टाच्या खिशात विमा. मी तो दर थोड्या वेळानं चाचपत होतो. इतक्या हालांनंतर त्या कागदाबद्दल मला जवळजवळ माया वाटायला लागली होती. त्या कागदावर समोरच्या माणसाची नजर फिरेल, तो मान हलवेल, "सगळं व्यवस्थित आहे" म्हणेल, आणि माझा जीव शांत होईल, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं.

सरहद्दीवर आधी पासपोर्टाची खिडकी. तिघांचे शिक्के झाले. मग गाड्यांची रांग. आमची पाळी आली. खुर्चीतल्या अधिकाऱ्यानं गाडीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि हात हलवला. "जा."

"विमा," मी कागद पुढं केला.

"जा, जा."

"अहो, विमा आहे!"

"असेल. पुढं घ्या."

"पाहणार नाही?"

"नको."

नको! मी गाडी बंद केली. किल्ली काढली. खाली उतरलो. "साहेब, तुम्ही हा कागद पाहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. बायको म्हणाली, "अहो, सोडतायत ना, मग चला ना!" मी तिलाही सांगितलं, "नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्वाचा प्रश्न निघाला की आमच्या घरात एकच व्यक्ती त्याचा निकाल लावते. आईनं पट्टा सोडला, दार उघडलं, पदर खोचला.

"तुझं तत्त्व झालं की ये," ती म्हणाली, आणि रस्ता अडवणाऱ्या दांडीच्या बाजूनं सरळ पलीकडं चालायला लागली.

विमानात न बसणारी, बसमध्ये न बसणारी माझी आई पायी परदेशात निघाली होती. पलीकडच्या फाटकापाशी काठी टेकून एक बाई उभी होती. ती काठी वर करून हलवत होती, आणि काठी वर केल्यानं डुलत होती. आई आणखी भराभर चालायला लागली. "आई पडतील हो!" म्हणत बायको बॅग घेऊन तिच्यामागं धावली.

इकडं अधिकारी आता खराच चिडला. त्यानं माझ्या हातातून कागद ओढला, पहिल्यांदा नीट वाचला आणि विचारलं, "गाडी या बाईंच्या नावावर आहे. त्या कुठं आहेत?"

मी पलीकडं बोट दाखवलं. बायकोनं नुकतीच सरहद्द ओलांडली होती.

"मालक देशाबाहेर गेलेत आणि तुम्ही त्यांची गाडी घेऊन इथं उभे आहात?"

"मी त्यांचा नवरा आहे."

"सगळे असंच म्हणतात."

गाडी बाजूला घ्यायला लावली. पलीकडं निरोप गेला. बायकोला परत यायला लागलं. परत यायचं म्हणजे पुन्हा शिक्का, पुन्हा खिडकी. ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं पाहायची मला हिंमत झाली नाही. तिनं सही केली, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. मी निमूटपणे शेजारी बसलो. अधिकाऱ्यानं तिला हात उंचावून निरोप दिला.

पलीकडं झाडाखालच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. एकीचा हात दुसरीच्या हातात. डोळे दोघींचे ओले, आणि चर्चा चालली होती की जास्त म्हातारी कोण दिसते. मी गेलो, मावशीच्या पाया पडलो. तिनं गालावरून हात फिरवला. "दमलास रे?" एवढंच विचारलं.

एवढ्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. साडू, काउंटर, ड्रायव्हर, जिना, पाणी, टेम्पो, नकाशा, आणि शेवटी तो "जा, जा" म्हणणारा. आई मधेच "पुरे रे" म्हणाली, पण मावशी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा तापत गेला. नाकपुड्या फुगल्या. मी बोलायचा थांबलो, तर ती म्हणाली, "माझ्या भाच्याला ड्रायव्हर म्हणाली? आणि हा मेला कागद बघत नाही? कुठली ती खुर्ची?"

"मावशी, जाऊ दे."

"जाऊ दे काय? समजतो कोण तो स्वतःला!" ती काठीवर भार देऊन उठली. ऑपरेशनवाला पाय पुढं टाकला, मग दुसरा, आणि फाटकाच्या दिशेनं निघाली. माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं. "अरे ए खुर्चीवाल्या!" ती इकडूनच ओरडली. "आधी बाहेर ये!"

मी उठून तिच्यामागं धावलो. "मावशी, अगं थांब. त्याचंही काम असतं. दिवसभर उन्हात बसायचं, शेकडो गाड्या, माणूस वैतागतो. आणि तो कागद शेवटी वाचला त्यानं. अगदी नीट वाचला गं!" मी बोलत होतो आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. इतका समंजस आवाज माझ्या घशात होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मावशी ऐकेना. मी तिचा दंड धरला, तिनं तो सोडवून घेतला आणि काठी त्या खुर्चीच्या दिशेनं रोखली. पलीकडचा अधिकारी खुर्चीतून उठून उभा राहिलेला मला इथून दिसला.

मागं बाकावर आई पदरानं डोळे पुसत हसत होती. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला ती म्हणाली, "बघितलंस ना? लग्नापासून विचारतेस, हा गेला कुणावर. ही बघ."